संघ ओडिशाचा, गोल फलटणचे

महिलांच्या पहिल्याच हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत झाला. ओडिशा वॉरियर्सनी सूरमा हॉकी क्लबला २-१ असं हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजा पिसाळचे. पहिला २०व्या मिनिटाला, दुसरा ५६व्या. हॉकीचा सामना ६० मिनिटांचा असतो, म्हणजे निकाल लावणारा गोल चार मिनिटं उरलेली असताना झाला. ऋतुजा सातारा जिल्ह्यातल्या फलटणकडची. देशातल्या सर्वांत वरच्या लीगचं पहिलं महिला विजेतेपद एका मराठी पोरीच्या स्टिकनं ठरवलं, आणि ते गेलं ओडिशाच्या नावावर. महाराष्ट्राच्या नावाचा संघ त्या लीगमध्ये नव्हताच. महिलांच्या चार संघांत नव्हता, पुरुषांच्या आठ संघांत नव्हता.

यात अन्याय वगैरे म्हणून गळा काढायचा नाहीये. ओडिशानं २०१८पासून भारतीय हॉकी संघांचं प्रायोजकत्व उचललंय, स्टेडियम बांधलीत. मान त्यांचाच. मला बोलायचंय ते सीझनबद्दल. लीगचा सीझन ही एक रचलेली गोष्ट असते. कोण कुणाच्या बाजूनं, कुठे खेळणार, किती दिवस खेळणार, हे सगळं कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं. त्या लेखकानं गोष्ट कशी लिहिली, हे विचारायचा हक्क प्रेक्षकाला आहे.

लीग २०१७नंतर बंद पडली होती. सात वर्षांनी, २८ डिसेंबर २०२४ला ती राऊरकेल्यात पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे सामने राऊरकेला आणि रांचीतच झाले. म्हणजे तमिळनाडूचा संघ तमिळनाडूत खेळला नाही, हैदराबादचा हैदराबादेत खेळला नाही, दिल्लीचा दिल्लीत नाही. वराकडची मंडळी एका गावची, वधूकडची दुसऱ्या गावची आणि कार्यालय तिसऱ्याच गावात, तसं. जेवण उत्तम होतं, ते मान्यच करायला हवं.

कारण राऊरकेला हे साधंसुधं गाव नाही. ते सुंदरगढ जिल्ह्यात येतं, आणि सुंदरगढमध्ये हॉकी गावागावात खेळली जाते. तिथल्या गावच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून बोकड देतात. आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या बॅनरवर रोख रकमेचे आकडे झळकतात, तिथे बोकड! हॉकी इंडियाचे अध्यक्ष दिलीप तिर्की याच जिल्ह्यातले, अमित रोहिदास इथलाच. त्यामुळे बिरसा मुंडा स्टेडियममधल्या गर्दीला कुठे ओरडायचं ते सांगावं लागत नव्हतं. बचावपटूनं नुसता चेंडू हिरावून घेतला तरी दाद मिळायची. टीव्हीवरच्या क्रिकेटमध्ये अशी जाणती दाद मला क्वचितच ऐकू येते. अख्ख्या सीझनमध्ये मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट ही गर्दीच होती.

आता हिंगोलीत बसून फोनवर बघणाऱ्यानं बाजू कुणाची घ्यायची? मी बराच विचार करून हैदराबाद तूफान्स निवडले. कारण इतिहासाचं होतं, जरा चावटपणाचंही. हिंगोली १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होती, १९५६मध्ये मुंबई राज्यात आली, आणि परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली ती १९९९मध्ये. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. भारतात हॉकी रुजली ती बरीचशी छावण्यांतूनच. धनराज पिल्ले ज्या खडकीतून आला, तीही छावणीच. आमची छावणी गेली, आणि आज इथली पोरं क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल खेळतात. तरी म्हटलं, जुन्या संस्थानाचं नातं, तेवढ्यावर चालवून घेऊ.

आणि तूफान्स थेट फायनलला गेले. १ फेब्रुवारी २०२५, समोर बंगाल टायगर्स. सामना फार सुंदर झाला. नवव्या मिनिटाला गोन्झालो पेलाटनं हैदराबादला पुढे नेलं. मग जुगराज सिंगनं तीन गोल केले. हैदराबादनं ३-३ अशी बरोबरी साधली आणि ५४व्या मिनिटाला न्यूझीलंडच्या सॅम लेननं बंगालला जिंकून दिलं, ४-३. यापेक्षा चांगली पटकथा कुणी मागू नये. पण शिट्टी वाजली आणि मला काहीच झालं नाही. मोबाइल बाजूला ठेवला, चहा घेतला. कबड्डीत पुणेरी पलटण हरल्यावर असं होत नाही, तेव्हा एक घास कमी जातो.

‘संघात बाहेरचे खेळाडू होते’ हे त्याचं कारण असू शकत नाही. पेलाटचंच बघा. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यानं अर्जेंटिनासाठी सुवर्णपदक जिंकलं. पुढे तो जर्मनीकडून खेळू लागला आणि २०२३मध्ये भुवनेश्वरला जर्मनीसोबत विश्वविजेता झाला. जर्मन लोकांनी त्याला आपलं मानलंच ना? आपलेपणाला जन्मदाखला लागत नाही, सहवास लागतो. तूफान्सनी त्याला लिलावात ६८ लाखांना घेतलं ते ऑक्टोबर २०२४मध्ये, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला सगळं संपलं. राऊरकेल्यातला सलामीचा सामना ते फायनल, एकूण ३६ दिवस. एवढ्यात संघाची जर्सी पाठ होत नाही. सामन्याचा वेग, कोन, ड्रॅग फ्लिक, सगळं अव्वल दर्जाचं होतं. पण त्या संघानं हैदराबादेतल्या एकाही पोराला भरल्या मैदानात बसवून हरण्याचं दुःख दिलं नाही. ते दुःख न देता पुढच्या वर्षी तिकिटं कुणाला विकणार?

हा घोळ नवा नाही. २००५मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा पहिला अख्खा सीझन हैदराबादेतच खेळवला होता. धनराज पिल्लेचा मराठा वॉरियर्सही तिथेच खेळला. २०१२च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स फायनलला पोचले. फायनल मुंबईत होती, आणि पुणेकर शेर-ए-पंजाबकडून ५-२ हरले. २०१३ला हॉकी इंडिया लीग आली, मुंबई मॅजिशियन्स आले. सीमेवरच्या तणावानंतर निदर्शनं झाली, लीगमधल्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवलं गेलं. त्यातले चार मुंबईचे. संघ तळाला राहिला. मग दबंग मुंबई आले. २०१७मध्ये फायनलमध्ये कलिंगा लान्सर्सनी त्यांना ४-१ हरवलं. एवढ्या वर्षांत नाव बदललं, मालक बदलले, लीगसुद्धा बदलली. टिकलं काय? २०२४मध्ये लीग परत आली तेव्हा महाराष्ट्राच्या नावानं संघ काढणारा मालकच दिसला नाही.

खेळाडू मात्र तयार होतच राहिले, आणि ते लीगमुळे नव्हे. ऋतुजा, भारतीय संघातली वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, तिघी फलटण तालुक्याच्या आसपासच्या. तिघी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या. हे सरकारी वसतिगृह, सरकारी टर्फ, वर्षानुवर्षांचा सराव. एखाद्या लीगच्या जाहिरातीत बालेवाडीचं नाव येत नाही, कारण बालेवाडी विकत घेता येत नाही. लिलावाची बातमी तेवढी आपल्याला सगळ्यांना कळते. हरमनप्रीत ७८ लाखांना गेला, हे मला सामना सुरू व्हायच्या अडीच महिने आधीपासून पाठ होतं. ऋतुजा फलटणची, हे शोधावं लागलं.

शोधायला सुरुवात कशी झाली तेही सांगतो. स्कोअरकार्डवर तिचं नाव ऋतुजा दादासो पिसाळ असं येतं. अक्षताचं येतं अक्षता आबासो ढेकळे, वैष्णवीचं वैष्णवी विठ्ठल फाळके. दादासो, आबासो! दादासाहेब-आबासाहेबांचं हे आखूड रूप सांगली-सातारा-कोल्हापूरकडच्या लग्नपत्रिकांवर आणि सोसायटीच्या फलकांवर दिसतं. जर्मनीचा किंवा नेदरलंड्सचा समालोचक त्याचं काय करत असेल देव जाणे. मला ते वाचून एकदम कळलं की ही आपल्याकडची आहे. बाकी अख्ख्या प्रक्षेपणात तसं सांगणारं दुसरं काही माझ्या कानावर आलं नाही.

महिलांचा सीझन तर १२ ते २६ जानेवारी, पंधरा दिवसांत उरकला. चार संघ, पुरुषांच्या निम्मे. तेवढ्यात कुणाची ओळख होणार? संघांची गावं खरी करायला पैसा लागेल, वेळ लागेल, प्रत्येक शहरात टर्फ आणि प्रेक्षक लागतील. ते उद्या होणार नाही, हे कळतं. पण खेळाडू मैदानात उतरते तेव्हा पडद्यावर तिच्या नावाखाली एक ओळ रिकामी असते. तिथे गाव लिहायला काही खर्च येत नाही. ऋतुजा दादासो पिसाळ, फलटण. सलीमा टेटे, सिमडेगा. हिंगोलीचं पोर ते वाचेल आणि फलटण कुठे आहे ते नकाशावर बघेल.