सापेक्ष दुःख : कर्करोगग्रस्त बालकाच्या कुटुंबकथांचा रसविचार

करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतील भेद सांगताना नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने एक मार्मिक निकष योजिला आहे. करुण हा निरपेक्ष भाव होय, तर विप्रलंभ हा सापेक्ष. इष्ट जनाच्या पुनःप्राप्तीची आशाच जेथे उरलेली नाही, तेथे शोक असतो. जेथे ती आशा कशीबशी तग धरून आहे, तेथे औत्सुक्य आणि चिंता असतात. पुढील रसचर्चेत हा भेद प्रियकर-प्रेयसींच्या विरहापुरताच बहुधा राबविला गेला. वस्तुतः त्याची व्याप्ती त्याहून पुष्कळ मोठी आहे. कर्करोगाने ग्रासलेल्या लहान मुलावर उपचार चालू असताना त्याच्या घरातील माणसे ज्या मनःस्थितीत दिवस काढतात, ती शृंगाराची नव्हे हे उघडच आहे. पण ती करुणाचीही नव्हे. मूल समोर आहे, खेळते आहे, क्वचित हट्टही करते आहे. नाश झालेला नाही आणि नाश होणार नाही अशी हमीही नाही. अशा कलाकृतींना ‘हृदयद्रावक’ म्हणून करुणाच्या खात्यावर जमा करून टाकणारी टीका त्यांतील मूळ भाव नेमका हरवून बसते.

ही मनःस्थिती साहित्याला तशी नवी आहे आणि तिला वैद्यकाचा इतिहास कारण आहे. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये तीव्र ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांवर अमिनोप्टेरिन या औषधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांच्या रोगाला उतार पडला. पण तो तात्पुरता होता. त्यापूर्वी निदान आणि मृत्यू यांत काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे अंतर असे, आणि तेवढ्या अवधीत कथा फार तर विलापाची होऊ शके. ‘उतार’ या शब्दाबरोबर कुटुंबाच्या आयुष्यात एक निराळाच काळ आला. आज याच रोगाच्या एका प्रमुख प्रकारातून, चांगले उपचार मिळाल्यास, बहुसंख्य मुले बरी होतात. मात्र त्यासाठी दोन ते तीन वर्षे उपचार चालतात. त्या काळात घराचे पंचांग रक्तातील पेशींच्या संख्येवर ठरते. ताप चढला की रात्री-अपरात्री इस्पितळ गाठावे लागते, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवावे लागते, धाकट्या भावंडाची सर्दीसुद्धा अपराध ठरते.

पीटर डी व्ह्रीस यांची ‘द ब्लड ऑफ द लॅम’ ही कादंबरी १९६१ ची, म्हणजे त्या नव्या काळाच्या प्रारंभीची. लेखकाची स्वतःची मुलगी आदल्याच वर्षी ल्युकेमियाने गेली होती. डी व्ह्रीस हे मुळात विनोदी लेखक आणि कादंबरीचा पूर्वार्धही बराचसा विनोदाच्या अंगाने जातो. कर्मठ ख्रिस्ती संस्कारांत वाढलेल्या नायकाची मुलगी आजारी पडल्यावर तो विनोद नाहीसा होत नाही, तो वॉर्डात येतो. बापलेकींच्या थट्टामस्करीत आशा जिवंत राहते. औषधाने उतार पडल्याची आनंदवार्ता येते आणि तिच्यापाठोपाठ मृत्यू येतो. मुलीसाठी नेलेला केक बाप देवळात विसरलेला असतो. तो परत आणून दारावरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीवर फेकतो. पुष्कळ टीकाकारांचे लक्ष या प्रसंगातील ईश्वरविषयक बंडाकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु या कृतीचे बळ तिच्यातील तत्त्वज्ञानात नाही, केकमध्ये आहे. केक ही आशेची, सापेक्षतेची वस्तू. तिचा उपयोग संपला त्या क्षणी भाव निरपेक्ष झाला. आधीची थट्टा नसती तर हा प्रसंग केवळ नाटकी झाला असता.

लॉरी मूर यांची ‘पीपल लाइक दॅट आर द ओन्ली पीपल हिअर’ ही १९९७ मधील दीर्घकथा मात्र सापेक्ष भावाची मर्यादा एकदाही ओलांडीत नाही. या विषयावरील लेखनात तिचे स्थान अनन्य आहे ते यामुळेच. तान्ह्या मुलाच्या डायपरमध्ये आईला रक्ताची गुठळी दिसते, मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर निघतो, शस्त्रक्रिया होते. कथानक एवढेच. कुटुंबातील कोणालाही नाव नाही. आई, नवरा, बाळ, शल्यचिकित्सक अशा पदांनीच सारे ओळखले जातात. इस्पितळात शिरताच माणसाचे नाव जाऊन नाते आणि अधिकार तेवढे उरतात, हे मूर यांनी वर्णनाने सांगितलेले नाही, व्याकरणाने सांगितले आहे. उपशीर्षकात तान्ह्या मुलाच्या अक्षरे घोकण्याच्या अवस्थेचा शास्त्रीय निर्देश आहे. ज्याचे दुखणे आहे त्याला अजून भाषा नाही, आणि ज्यांना भाषा आहे त्यांना ती या प्रसंगी पुरत नाही.

या कथेचे मर्म पतिपत्नींमधील एका वादात आहे. आई लेखिका आहे. उपचारांचा खर्च कसा भागणार या चिंतेने नवरा तिला टिपणे घ्यायला सांगतो. ती संतापते, हे आपल्या लेखनाचे क्षेत्र नव्हे, असे तिला वाटते. वाद वरवर पैशाचा आहे. आत तो कुटुंबातील श्रमविभागाचा आहे. संकटात प्रत्येकाने आपल्या हाती जे आहे ते द्यावे, हा नवऱ्याचा व्यवहारी न्याय; मुलाचे दुखणे विकू नये, हा आईचा. लेखिकेने कोणाचीच बाजू घेतलेली नाही, कारण वाचकाच्या हातातली कथा हीच ती टिपणे आहेत. आई हरली आणि तिने लिहिलेही, हे कळून वाचक अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता करुणाच्या आस्वादात विरघळत नाही. दुःखाच्या साधारणीकरणाने रसिकाला जी मोकळीक मिळते, ती येथे हेतुपुरस्सर नाकारली आहे.

वॉर्डातील इतर पालकांचे चित्रणही असेच कठोर आहे. पालकांच्या बैठकीत धीराच्या गोष्टी चालतात. वर्षानुवर्षे मुलाबरोबर इस्पितळाच्या वाऱ्या करणारा एक बाप तेथे भेटतो. त्याच्या मुलाचा आजार एवढा लांबला की त्या अवधीत त्याचा संसारच मोडला. समदुःखी माणसे भेटल्याने बरे वाटते, असे नवऱ्याला वाटते. आईला या माणसांपैकी कोणालाही पुन्हा भेटायचे नाही. हा तुसडेपणा आहे, आणि तो खरा आहे. पुढील रसायनोपचार न देता केवळ तपासण्यांवर भागविण्याची योजना पुढे येते, ती हे कुटुंब स्वीकारते आणि घरी जाते. रोग परतेल की नाही, याचे उत्तर कथेत नाही.

अलेक्झांडर हेमन यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ (२०११) या आत्मपर निबंधात धाकट्या मुलीचा मृत्यू आहे आणि दुःखाने माणूस उदात्त होतो या कल्पनेचा स्पष्ट धिक्कारही आहे. परंतु तो लक्षात राहतो तो थोरल्या बहिणीमुळे. सुमारे तीन वर्षांची ही मुलगी मिंगस नावाचा काल्पनिक भाऊ निर्माण करते आणि घरात घडणारे सारे त्याच्यावर सोपविते. आजारी भावंडापायी ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते, त्या निरोगी मुलाचे एकाकीपण क्वचितच इतक्या सहज प्रकटले आहे.

मराठीत या विषयाचा विचार संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ला (२००४) वगळून होऊ शकत नाही. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. मराठीला तो ‘श्यामची आई’नंतर प्रथमच लाभला. कोकणातून आजोबा नातवाला शहरात आणतात. दृष्टिपटलाचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, ठरतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. रसदृष्ट्या ही रचना फार सूक्ष्म आहे. जिवाच्या बाबतीत भाव सापेक्ष आहे आणि दृष्टीच्या बाबतीत निरपेक्ष. एकाच बालकाच्या ठायी दोन्ही नांदतात. ‘श्वास’ हे नाव पहिल्याचे आहे, चित्रपटाची सारी दृश्ये दुसऱ्याची.

शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला खरे काय ते सांगितले पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. सांगायचे कोणी? मूर यांच्या बाळाला भाषा नव्हती; परशुरामला ती आहे, आणि म्हणूनच त्याचे आजोबा मुके होतात. डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ती आणि आजोबा यांच्यात हा प्रश्न ज्या रीतीने फिरतो, तो चित्रपटाचा सर्वोत्तम भाग होय. घरातील वडीलधारे माणूस निर्णय करते आणि मूल तो पाळते, या एकत्र कुटुंबातील गृहीताला येथे धक्का बसतो. आजोबांनी नातवाला परस्पर इस्पितळाबाहेर नेऊन जग दाखविणे हा प्रसंग बहुतेकांनी वात्सल्याचा परमोत्कर्ष मानला. वात्सल्य आहेच, पण जे शब्दांत सांगता येत नाही ते दाखवून सांगण्याची ती धडपडही आहे. दरम्यान इस्पितळात उडालेली धावपळ मात्र कथेचे लक्ष कुटुंबावरून संस्थेकडे वळविते आणि तेवढ्यापुरता ताण सैल पडतो. अरुण नलावडे यांच्या संयत अभिनयाने तो पुन्हा सावरला जातो.

एक उणीव राहतेच. ‘श्वास’मध्ये एक शस्त्रक्रिया आहे, तिच्याआधीचे थोडे दिवस आहेत, उपचारांची वर्षे नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात मुलावर उपचार करण्यासाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, तेव्हा कुटुंबाचे दोन तुकडे झालेले असतात. आई मुलाजवळ, बाप गावी शेताजवळ; किंवा बाप येथे आणि थोरली मुलगी गावी चुलीजवळ. पुढच्या तारखेपर्यंत थांबावे की गाडीभाडे खर्चून परत जावे, हा तेथील रोजचा प्रश्न असतो.