पाहणाऱ्याची जबाबदारी : सुधीर पटवर्धन यांची वास्तववादी चित्रकला

बडोद्यात 'वास्तववादी चित्रकार' असे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम राजा रविवर्मा उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८८८ साली त्याच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले आणि ती चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी तयार झाली. त्या चित्रांतील जरीच्या काठाची चमक, दागिन्यांचे वजन, त्वचेची कांती पाहून आपल्या चार-पाच पिढ्या 'अगदी हुबेहूब!' असे उद्गारत आल्या आहेत. चित्राला द्यावयाची सर्वोच्च दाद हीच, असा एक संस्कार त्यातून आपल्यावर झाला. परंतु रविवर्म्याने हुबेहूब रंगविल्या त्या कोणाच्याही प्रत्यक्ष पाहण्यात नसलेल्या दमयंती आणि शकुंतला. म्हणजे पद्धत वास्तवदर्शी आणि विषय कल्पनेतला. या विसंगतीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वास्तववाद ही रंगविण्याची पद्धत आहे की जगाकडे पाहण्याची भूमिका आहे, हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ काळ अनुत्तरित राहिला.

या प्रश्नाला ज्या मराठी चित्रकाराने गेली पाच दशके निष्ठेने उत्तर शोधले, त्या सुधीर पटवर्धन यांच्या कामाचा, विशेषतः अलीकडच्या कामाचा, येथे विचार करावयाचा आहे. त्यांचे बडोद्याशी नाते आहे आणि ते आपण विसरता कामा नये. १९८१ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात व दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झाले. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम्, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन असे सहा चित्रकार त्यात होते. गीता कपूर यांनी त्याची वैचारिक मांडणी केली. अमूर्त चित्रकलेला प्रतिष्ठा असलेल्या त्या काळात माणसाला, त्याच्या वस्तीला आणि त्याच्या गोष्टीला चित्रात पुन्हा जागा द्यावी, असा त्या मंडळींचा आग्रह होता. खख्खर व शेख हे दोघे बडोद्याचे. आपल्या ललितकला विद्याशाखेच्या परिसरात ज्या चर्चा झडल्या, त्यांचा प्रतिध्वनी ठाण्यात राहणाऱ्या या मराठी चित्रकाराच्या कामात उमटला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पटवर्धनांचा जन्म १९४९ सालचा, पुण्याचा. तेथील सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ साली पदवीधर झाले, पुढे मुंबईस आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. खख्खरही दिवसा हिशेबतपासनीस आणि उरल्या वेळात चित्रकार होते. उपजीविकेसाठी चित्रावर अवलंबून नसल्यामुळे दोघांनाही बाजाराची भीड बाळगावी लागली नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की, दोघांनाही रोज सामान्य माणसांसमोर बसावे लागले. दवाखान्यात येणारा माणूस सदरा काढून यंत्रासमोर उभा राहतो तेव्हा त्याची प्रतिष्ठा, हुद्दा, भाषा हे सारे बाजूला पडते आणि उरतो तो श्रमाने, वयाने, आजाराने घडलेला देह. पटवर्धनांच्या माणसांना वजन आहे, त्यांचे खांदे आणि माना काहीतरी वाहून आणल्यासारख्या दिसतात, याचे मूळ मला येथे दिसते.

त्यांच्या आरंभीच्या चित्रांत हा देहच नायक आहे. सिलिंडर वाहणारा माणूस (१९७५), धावणारी स्त्री (१९७७), इराणी हॉटेलातले गिऱ्हाईक (१९७७) या चित्रांत माणूस चौकट भरून टाकतो. तरुणपणी मार्क्सवादी विचारांचा जो प्रभाव त्यांच्यावर झाला, त्याची खूण या चित्रांवर स्पष्ट आहे. परंतु भित्तिपत्रकातला मूठ वळलेला कामगार येथे नाही. ही माणसे दमलेली आहेत, कधी बेढब आहेत, स्वतःच्याच विचारात आहेत. रेल्वेच्या पुलावरचे चित्र (१९८१) घ्या. रोज लाखो लोक ज्या पुलावरून जातात, तेथील माणसे पटवर्धनांनी पाहणाऱ्याच्या अगदी समोर आणून उभी केली आहेत. गर्दी म्हणून ज्यांच्याकडे आपण पाहत नाही, त्यांच्यापैकी एकेकाच्या चेहऱ्याशी थांबणे आपल्याला भाग पडते.

त्यांच्या निर्मितिप्रक्रियेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्यांचा वास्तववाद प्रक्रियेतच दडलेला आहे. चित्राचा आरंभ पायी भटकण्याने होतो. ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ या जागा त्यांनी नकाशावरून निवडलेल्या नाहीत. भटकंतीतून रेखाटने जमतात, आणि रेखाटन हा पटवर्धनांच्या साधनेचा कणा आहे. रणजित होस्कोटे यांनी केवळ त्यांच्या रेखाटनांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, यावरून त्या कामाची व्याप्ती ध्यानात यावी. त्यानंतर येते ती रचना. मोठ्या नगरचित्रांत एकाच जागी उभे राहून दिसेल असे दृश्य बहुधा नसते. डावीकडचा रस्ता वरून पाहिलेला असतो, उजवीकडची इमारत समोरून, आणि मधली माणसे चालता चालता दिसावीत तशी. कॅमेऱ्याला एक डोळा असतो, चालणाऱ्या माणसाला मान वळविता येते. हा फरक पटवर्धनांनी रचनेत आणला.

सरकारी नोकरीत मी कैक पंचनामे वाचले. पंचनाम्यात लांबी-रुंदी, चतुःसीमा, भिंतींची अवस्था सारे बिनचूक असते. त्यात नसतो तो त्या घरात राहणाऱ्याचा अनुभव, कारण तो लिहिण्याची मुभा लिहिणाऱ्याला नसते. हुबेहूब चित्र हे पुष्कळदा उत्तम पंचनामा असते. पटवर्धनांच्या चित्रात मोजमापे चुकतात, पण त्या वस्तीत वावरण्याचा अनुभव चुकत नाही. एका बाजूने पाहिले तर हे सत्यापासून ढळणे आहे. माझ्या मते मात्र वास्तवाच्या अधिक जवळ जाण्याचा तोच मार्ग आहे.

तथापि एक नैतिक प्रश्न उरतोच. मध्यमवर्गीय, सुशिक्षित डॉक्टरने श्रमिकांची चित्रे काढावीत आणि ती कलादालनात लागावीत, यात पाहणाऱ्याचा अधिकार कोणता? अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' हा २००१ सालचा माहितीपट या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात कवी नारायण सुर्वे आणि पटवर्धन यांना मुंबईच्या संदर्भात शेजारी ठेवले आहे. सुर्वे गिरणगावात वाढले. ते लिहितात तेव्हा त्यांना 'आम्ही' म्हणण्याचा हक्क उपजतच आहे. पटवर्धनांना तो नाही आणि त्यांनी तो सांगितलाही नाही. होस्कोटे यांनी त्यांच्यावरील २००४ सालच्या ग्रंथाला जे शीर्षक दिले, त्याचा आशय 'सहभागी निरीक्षक' असा आहे. त्यातल्या सहभागाला किंचित सहअपराधाचीही छटा आहे. मला ही छटा निर्णायक वाटते. आपण बाहेरचे आहोत हे जाणून, तरीही नजर न वळविणे, हीच या चित्रांची जबाबदारी आहे. सहानुभूतीचे प्रदर्शन करणारी चित्रे आपल्याकडे थोडी नाहीत. स्वतःच्या सहानुभूतीकडे संशयाने पाहणारी विरळा.

ऐंशीच्या दशकात त्यांच्या चित्रातला माणूस हळूहळू लहान होत गेला आणि शहर मोठे होत गेले. 'टाउन' (१९८४) हे त्याचे ठळक उदाहरण. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. ज्या कामगारावर इतिहासाची आशा होती, तोच शहराच्या मध्यातून नाहीसा होऊ लागला. 'लोअर परळ' (२००१) या चित्रात गिरण्यांच्या चिमण्या आणि नव्या उंच इमारती एकाच आकाशाखाली उभ्या आहेत. चित्रकार त्यावर भाष्य करीत नाही. चिमणीतून धूर येत नाही एवढे आपल्याला कळले की पुरे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर त्यांच्या चित्रातल्या गर्दीत संशय आणि हिंसा शिरली. पूर्वीच्या गर्दीत आधार होता. आता त्याच गर्दीची भीती वाटू लागते.

२००५ मध्ये व्यवसाय सोडून पटवर्धन पूर्णवेळ चित्रकार झाले. यानंतरच्या कामात दोन प्रवाह दिसतात. एक 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' (२०१४) सारख्या सात फलकांच्या विशाल चित्राचा, ज्यात मुंबईचा प्रवास एका दीर्घ पटावर मांडला आहे. दुसरा प्रवाह घरात वळतो. 'स्पेक्टर्स' या २०१७ च्या प्रदर्शनातील चित्रांत खोल्या आहेत, दारे आहेत आणि एकाच छपराखाली असून परस्परांपासून दूर बसलेली माणसे आहेत. माझ्या वयाच्या वाचकाला ही चित्रे बिचकवितात. पूर्वी ज्याने रस्त्यावरच्या माणसाकडे पाहिले, तो आता स्वतःच्या वर्गाकडे आणि स्वतःच्या वार्धक्याकडे तितक्याच निर्विकारपणे पाहतो. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी त्यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन मांडले, तेव्हा रस्ता आणि घर हे दोन प्रवाह एकाच नजरेचे आहेत हे स्पष्ट झाले.

आणि मग येते २०२४ चे 'सिटीज : बिल्ट, ब्रोकन' हे प्रदर्शन. त्याच वर्षी चित्रकाराने वयाची पंचाहत्तरी गाठली. बांधलेली आणि मोडलेली शहरे हा त्याचा विषय. आतापर्यंत पटवर्धनांची शहरे बांधकामाच्या धुळीत होती. येथे ती उद्ध्वस्त झालेली आहेत. दूरच्या युद्धांत कोसळलेल्या इमारतींचा ढिगारा आणि आपल्या शहरात पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारतींचा ढिगारा यांत चित्रात फारसे अंतर राहत नाही. विध्वंस बॉम्बने होवो वा यंत्राने, घर गमावणारा माणूस एकच, असा या चित्रांचा रोख आहे.

येथे मला एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. पटवर्धनांचे सामर्थ्य प्रत्यक्ष पावलांनी तुडविलेल्या वस्तीतून आले आहे. दूरच्या युद्धाची शहरे मात्र छायाचित्रांतून आणि पडद्यावरूनच पोहोचतात. त्यामुळे या मालिकेत काही ठिकाणी विशिष्ट माणूस हरवून 'पीडित मानवता' हे प्रतीक उरते. इराणी हॉटेलातला तो एक माणूस विसरता येत नाही. या ढिगाऱ्यांजवळच्या आकृती मात्र आठवणीत एकमेकींत मिसळून जातात. त्यांवर असा प्रतिवाद होईल की, विध्वंसात माणसाची ओळखच पुसली जाते, आणि तेच चित्रकाराला दाखवायचे आहे. हा प्रतिवाद वजनदार आहे. पण ओळख पुसली गेल्याचे दुःख कळण्यासाठी आधी ती ओळख दिसावी लागते. जेथे पटवर्धन दूरच्या ढिगाऱ्याला आपल्या उपनगरी गल्लीशी जोडतात तेथे ती दिसते आणि चित्र तत्क्षणी जिवंत होते. जेथे हा दुवा सुटतो, तेथे चित्र सुंदर शोकगीताच्या पातळीवर थांबते. असे असूनही, स्थिरावलेली कीर्ती बाजूला ठेवून या वयात हाताला न सरावलेला विषय घेणे, हे धाडस दुर्मिळच म्हणावे लागेल.

पटवर्धनांचे आणखी एक कार्य सांगणे अगत्याचे आहे. २००८-०९ मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्राच्या निरनिराळ्या शहरांत नेले. ज्या माणसांची चित्रे काढली त्यांच्यासारख्यांपर्यंत चित्र पोहोचावे, ही त्यांची निष्ठा त्यातून दिसते. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या मराठी समाजाने साहित्य आणि नाटक जपले, चित्रकला मात्र राजवाड्याच्या आणि विद्यापीठाच्या स्वाधीन करून आपण मोकळे झालो. मराठीत चित्रावर लिहिले जाते तेही बहुधा चित्रकाराच्या चरित्राविषयी, चित्राविषयी क्वचितच.

घडियाळी पोळीसारख्या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांना पटवर्धनांची चित्रे परकी वाटण्याचे कारण नाही. येथेही लाकडी खांबांची, कोरीव तुळयांची घरे उतरवली जातात, त्या जागी सदनिका उभ्या राहतात, आणि ओट्यावर बसणारी माणसे ओटा गेल्यावर कोठे बसतात, हे कोणी विचारीत नाही. जुन्या पोळींचे गोड, स्मरणरंजनात न्हालेले चित्र काढणे सोपे आहे आणि ते विकलेही जाते. त्या पोळीतून आज सामान हलविणाऱ्या हातगाडीवाल्याला चौकटीच्या मध्यभागी आणणे कठीण आहे. वास्तववादाची खरी कसोटी तेथे लागते. दागिन्याची चमक साधणाऱ्या हाताला आपण शतकाहून अधिक काळ दाद दिली. समोरच्या माणसावरून न घसरणाऱ्या डोळ्यालाही ती मिळाली पाहिजे. सुधीर पटवर्धनांनी तो डोळा आयुष्यभर उघडा ठेवला, आणि अलीकडच्या अपुऱ्या उतरलेल्या चित्रांतही तो मिटलेला नाही.