सुकाणूवरचे खड्डे : एका अर्धवट उत्तराची तपासणी

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर वाहणाऱ्या ट्रकांची रांग रोजचीच. 1989 साली सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात त्यांचा माल घेणारी जहाजे येतात. अशा वेगवान जहाजांच्या सुकाणूंना खड्डे पडतात. का, असे विद्यार्थ्याने विचारले तर दोन उत्तरे हमखास मिळतात : खाऱ्या पाण्याचा गंज, किंवा पाण्यातले हवेचे बुडबुडे. आमच्या मते पहिले अपुरे आहे आणि दुसरे दिशाभूल करणारे.

मूळ अडचण ‘पाणी 100 अंशांना उकळते’ या वाक्यात आहे. त्यातून दाबाची अट गळते. दाब वातावरणाच्या चोविसाव्या भागाइतका उतरला, तर 30 अंशांचे पाणीही उकळते. सुकाणूपाशी तो इतका उतरेल का? चार मीटर खोलीवर दाब सुमारे 1.4 वातावरण असतो. प्रॉपेलरने फेकलेले पाणी सेकंदाला 15 मीटर वेगाने येते आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला वळसा घालताना दीडपट वेग घेते, असे धरू. बर्नुलीच्या नियमाने दाब जवळपास तेवढ्याच, 1.4 वातावरणांनी घटतो. पाणी थंडच राहून उकळते!

हे बुडबुडे वाफेचे असतात. पुढे दाब वाढताच वाफेचे पाणी होते आणि बुडबुडा क्षणात मिटतो. हवा आत असती तर तिने उशीसारखा धक्का झेलला असता. या मिटण्यातला प्रचंड दाब लॉर्ड रॅले यांनी 1917 साली गणिताने दाखवला. त्याच्या माऱ्याने रंग उडतो, धातू झिजतो; गंज मागून येतो.

उपायही याच कसोटीवर तपासावेत. कठीण पोलादाचा पत्रा खड्डे लांबणीवर टाकतो, बुडबुडे थांबवत नाही. प्रॉपेलर पाण्याला पीळ देतो, त्यामुळे सरळ धरलेल्या सुकाणूवरही ते तिरपे आदळते, आसाच्या वर एका बाजूने आणि खाली दुसऱ्या. म्हणून सुकाणूची पुढची कड वर-खाली विरुद्ध दिशांना वळवतात. हा उपाय कारणालाच हात घालतो; मात्र सुकाणू मोठ्या कोनात फिरवले की बुडबुडे येणारच.

शिक्षकांनी उकळून 60 अंशांपर्यंत निववलेले थोडे पाणी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घ्यावे, टोक बंद करून दट्ट्या ओढावा. पाणी उकळेल, दट्ट्या सोडताच वाफेचे बुडबुडे नाहीसे होतील. उरेल ती हवा. हा फरक ज्याने पाहिला, त्याला ‘100 अंश’ हे अर्धेच वाक्य आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.