रमाबाईंची अमेरिका, लक्ष्मीबाईंचे अमेरिकन

पंडिता रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली आला. पहिल्याकडे स्त्रीसुधारणेचा दस्तऐवज म्हणून आणि दुसऱ्याकडे आत्मचरित्राचा मानदंड म्हणून पाहण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे की, या दोघींनी अमेरिकन माणूस कसा पाहिला हा प्रश्न दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून क्वचितच विचारला जातो. नाशिककरांनी तरी तो विचारावा. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि त्यांचा अंतही १९३६ साली नाशिकलाच झाला. शिवाय स्वतःविषयी ठाम समजूत बाळगणारा अमेरिकन या परिसराने त्यांच्याही फार आधी पाहिलेला आहे.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल घाट चढून नाशिकला आले, तेव्हा येथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने २० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. पुढे १८३४ साली होरेशिओ बार्डवेल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र अमेरिकेत प्रसिद्ध झाले. सर्वस्व देऊन टाकणारा, अंधारात दिवा घेऊन गेलेला माणूस, अशी त्या वर्गाची स्वतःविषयीची भावना होती. ती खोटी होती असे कोण म्हणेल? हॉल यांनी प्राणच दिले. परंतु ज्यांच्या हाती त्यांनी औषध ठेवले, त्यांनी या गोऱ्या पाहुण्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे त्या चरित्रात कोठून येणार? देणारा लिहितो आणि घेणाऱ्याविषयी लिहिले जाते, हा अशा साहित्याचा रिवाजच होता.

हा रिवाज रमाबाईंनी उलटा केला. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशात राहिल्या. या मुक्कामातून दोन पुस्तके निर्माण झाली. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे १८८७ चे इंग्रजी पुस्तक अमेरिकन वाचकासाठी होते, आणि ‘लोकस्थिती’ मराठी वाचकासाठी. एकीत हिंदी स्त्रीच्या दुःखाची कैफियत आहे, दुसरीत स्वातंत्र्य मिळवून स्वतःचे राज्य स्वतः चालवणाऱ्या लोकांचे कौतुक. दोन्ही पुस्तके एका बैठकीत वाचणाऱ्यास थोडे अवघडल्यासारखे होते. तिकडे आपला काळोख आणि इकडे त्यांचा उजेड!

पण एवढ्यावर थांबले तर रमाबाईंवर अन्याय होईल. ग्रंथनामातच ‘लोकस्थिती’ आधी आहे आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. बोटीच्या प्रवासाचा भाग आटोपला की प्रवासी स्त्री मागे सरते आणि राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापार अशी एकेक बाब तपासणारी अभ्यासक पुढे येते. मिशनच्या अहवालांत आपल्या समाजाची जशी पाहणी होत असे, तशीच पाहणी एका मराठी विधवेने पाहणी करणाऱ्यांच्याच देशाची केली आहे. ती करताना तेथील मूळ रहिवाशांशी गोऱ्यांनी केलेला दगाफटका, गुलामगिरी, तिच्यामागे उरलेला वर्णद्वेष आणि स्त्रियांना नाकारलेला मताधिकार यांवर त्या पांघरूण घालत नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबावेसे वाटते. ज्या अमेरिकन भगिनी रमाबाईंना आश्रय देत होत्या, त्या स्वतःला मुक्त आणि म्हणूनच हिंदी स्त्रीला हात देण्यास समर्थ मानत होत्या. त्यांच्या देशाच्या राज्यघटनेने त्यांना मताधिकाराची हमी दिली ती १९२० साली. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी, म्हणजे रमाबाई त्या देशात असतानाच, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे उद्घाटन झाले. तेव्हा मताधिकारवादी स्त्रियांनी बोटीतून जाऊन निषेध केला होता, कारण स्वातंत्र्याची मूर्ती स्त्रीची असूनही हाडामांसाच्या स्त्रीला मत नव्हते. दाराशी हे शिल्प उभारणाऱ्या देशाने १८८२ सालीच चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला होता. परकीयाला प्रथम दिसतो तो नेमका हा सांधा. घरच्या माणसाला सवयीने तो दिसेनासा होतो.

तरीही माझ्या मते रमाबाईंची अमेरिका पुरती परक्याच्या नजरेची नाही. त्यांचे यजमान सुशिक्षित, सुधारक आणि बहुतांशी सुखवस्तू होते. इंग्रजी पुस्तकाची प्रस्तावना लिहिणाऱ्या डॉ. रेचल बॉडली काय, मद्यपानबंदी चळवळीच्या फ्रान्सिस विलर्ड काय, या बायकांना आपला देश जसा दिसत होता, किंवा जसा व्हावासा वाटत होता, तसा तो पुष्कळ अंशी ग्रंथात उतरला आहे. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले होते. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. हे ऋण होते. त्याहून मोठी होती ती गरज: घरच्या मराठी वाचकाला ‘हे शक्य आहे’ असे दाखवायचे, तर कोठेतरी ते घडलेले असावयास हवे. रमाबाईंना एक चांगली अमेरिका हवी होती.

लक्ष्मीबाईंना अशी कोणतीच अमेरिका नको होती. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा संसार जोडला गेला. तेथील साहेब व मडमा ‘स्मृतिचित्रां’त येतात त्या कोणा राष्ट्राच्या प्रतिनिधी म्हणून नव्हेत. बिऱ्हाड, पगार, दुखणीखुपणी आणि टिळकांचे हट्ट यांच्या ओघात त्या शेजारणीपाजारणींसारख्या येऊन जातात. शिवाय, स्वतः ख्रिस्ती होण्याआधी काही काळ लक्ष्मीबाईंनी मिशनच्या परिसरातही आपले सोवळे सांभाळले होते. म्हणजे जो स्वतःला पावित्र्याचा दूत समजत होता, त्याचाच या बाईला विटाळ होता! अमेरिकनांच्या आत्मप्रतिमेवर इतके निर्मळ भाष्य मी इतरत्र वाचलेले नाही, आणि ते भाष्य आहे याची जाणीव लेखिकेला नसावी यातच त्याची गोडी आहे. त्या हसतात त्या प्रथम स्वतःच्या सोवळ्याला, मग टिळकांना. साहेबांचा नंबर नंतर लागतो. त्यांच्या उपकारांचे स्मरण आहे, पण पायांशी बसणे नाही.

उणीव दाखवायचीच तर लक्ष्मीबाईंच्या अमेरिकनांना देश नाही, हीच. ते कोठून आले, तेथे काय सोडून आले, याची लेखिकेला फारशी उत्सुकता नाही. पण काहींच्या बाबतीत हा प्रश्नच अवघड होता. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम १८४७ साली मुंबईतच जन्मले होते आणि हयातीतला बराच काळ त्यांनी नगरला काढला. त्यांना परके कोणी म्हणावे, नगरने की अमेरिकेने? मुंबईच्या मिशनमधील डॉ. जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर न्यू जर्सीतील समिट या गावी बसून महिपतीच्या संतचरित्रांची भाषांतरे केली. जो देश स्वतःला केवळ देणारा समजत होता, त्याच्याच एका नागरिकाने उतारवयात घेणाऱ्याचे आसन पत्करले. ‘स्मृतिचित्रां’तील अमेरिकन वाचताना अशीच माणसे डोळ्यांपुढे येतात, ‘लोकस्थिती’त त्यांना जागा नाही, कारण तेथे व्यवस्था आहेत, आणि व्यवस्था म्हाताऱ्या होऊन महिपती वाचत नाहीत.

रमाबाईंनी अमेरिकेविषयी काय लिहिले, हे अमेरिकेला सविस्तर कळायला एकशेचौदा वर्षे लागली. २००३ या एकाच वर्षी त्यांच्या ग्रंथाची दोन इंग्रजी रूपे निघाली. मीरा कोसंबी यांनी नाव दिले ‘रिटर्निंग द अमेरिकन गेझ’, म्हणजे अमेरिकन नजरेला दिलेली उलट नजर. रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी संपादिलेले आणि अमेरिकेत प्रसिद्ध झालेले रूप मात्र ‘पंडिता रमाबाईज अमेरिका’ या नावाने आले. एकाच ग्रंथाची ही दोन नावे ठेवणाऱ्यांनी त्यात आपापल्या बाजूने काय वाचले, हे नावांवरूनच उघड होते. ‘स्मृतिचित्रे’ १९५० सालीच जोसेफिन इंकस्टर यांच्या भाषांतरातून इंग्रजीत गेली होती. त्या भाषांतरातही लक्ष्मीबाईंचे सोवळे जसेच्या तसे आहे.