मार्तीच्या रोजनिशींतील चार गहाळ पानें

होसे मार्ती याची १८९५ ची युद्धांतील रोजनिशी हें क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचें अस्सल साधन होय. पण चरित्रकारांनीं तिच्यावरून जीं अनुमानें काढलीं आहेत, त्यांतील बरींचशीं तिच्यांत नसलेल्या पानांवर उभीं आहेत. ६ मे या दिवसाचीं चार पानें, २८ ते ३१, मूळ वहींत नाहींत. मार्तीच्या मृत्यूनंतर वही सेनापति माक्सिमो गोमेस याच्या दफ्तरीं राहिली व १९४० च्या सुमारास छापून निघाली. पानें काढल्याबद्दल कोणी गोमेसकडे बोट दाखवितो, कोणी खुद्द मार्तीकडे. पुरावा दोघांविरुद्धही नाहीं.

वाद क्षुल्लक मात्र नव्हे. परदेशीं राहून पैसा व माणसें जमविणाऱ्या परागंदांनीं स्वदेशाच्या राज्यव्यवस्थेंत किती बोलावें, हा प्रश्न आदल्याच दिवशीं निघाला होता. मार्तीनें १८९२ त न्यूयॉर्कहून 'पात्रिया' हें पत्र काढलें व क्यूबन क्रांतिकारक पक्ष उभारला. टँपा व की वेस्ट येथील चिरुटांच्या कारखान्यांतले क्यूबन मजूर आपल्या मजुरींतून पक्षास वर्गणी देत. ११ एप्रिल १८९५ रोजीं मार्ती व गोमेस क्यूबाच्या किनाऱ्यास लागले आणि ५ मे रोजीं ला मेहोराना येथें आंतोनिओ मासेओस भेटले. या भेटीची नोंद शाबूत आहे. मासेओस सेनापतींचें मंडळ व त्याच्या हाताखालीं एक चिटणिशी, एवढें सरकार पुरे वाटत होतें. मार्तीस लोकप्रतिनिधींची सभा हवी होती.

चरित्रकार यास परागंदा पुढारी विरुद्ध रणांगणावरील शिपाई असा रंग देतात. तो आम्हांस मान्य नाहीं. तिघेही परदेशांतून आलेले! मासेओ कोस्टा रिकाहून आला होता. गोमेस तर जन्मानेंही क्यूबन नव्हे, सांतो दोमिंगोचा. शिवाय हा तंटा जुना आहे. २० ऑक्टोबर १८८४ च्या पत्रांत मार्तीनें गोमेसला स्पष्ट कळविलें होतें कीं, छावणीवर हुकूम चालवावा तसें राष्ट्र उभारतां येत नाहीं; आणि तो त्या कटांतून बाहेर पडला होता. हें पत्र हातीं असतां गहाळ पानांत काय असेल याची कल्पना करीत बसण्याचें प्रयोजन काय?

परागंदांच्या प्रभावाचें खरें माप पुढल्या कागदांत आहे. १८ मे रोजीं, मृत्यूच्या आदल्या दिवशीं, मेक्सिकोंतील मित्र मानुएल मेरकादो यास लिहिलेल्या अपुऱ्या पत्रांत मार्ती म्हणतो कीं, अमेरिकेचा पाय अँटिलीस बेटांत पसरूं नये यासाठींच आपली सारी खटपट. त्याचा वारस तोमास एस्त्रादा पाल्मा यानें डिसेंबर १८९८ त पक्षच मोडला. १९०१ त अमेरिकेंत असतांनाच तो क्यूबाचा अध्यक्ष निवडला गेला, आणि १९०६ त बंड होतांच त्यानेंच अमेरिकेचा हस्तक्षेप मागितला. दोघेही परागंदा, पक्ष एक, पद एक. धोरणें मात्र उलट. म्हणून 'परागंदांचा प्रभाव' असें एकवचनी बोलणें आम्हांस चुकीचें वाटतें.

पुढें १९५५ त फिडेल कास्त्रोनेंही न्यूयॉर्क, टँपा व की वेस्ट येथें देशबांधवांकडून पैसे जमविले. १९६१ च्या एप्रिलांत प्लाया हिरोनवर उतरलेल्या सुमारें १४०० परागंदांची तयारी अमेरिकन सरकारनें आपल्या खजिन्यांतून केली होती. तीन दिवसांत त्यांचा मोड झाला. मार्तीचें नांव दोन्ही पक्षांच्या तोंडीं असतें. १९८५ त वॉशिंग्टननें क्यूबासाठीं सुरू केलेल्या नभोवाणीसही तेंच नांव दिलें गेलें. मेरकादोस लिहिलेलें पत्र त्या वेळीं कोणीं चाळलें होतें कीं नाहीं, देव जाणे.

संग्राहकांस आमची सूचना एवढीच कीं, भाषणांच्या सुबक प्रतींपेक्षां चिरुटवाल्यांच्या वर्गणीच्या पावत्या व हिशेबाच्या वह्या आधीं राखाव्या. रोजनिशीच्या नव्या संपादकानें ६ मेची जागा कोरीच सोडावी, आणि १८८४ चें पत्र तिच्या शेजारीं छापावें.