जुन्या घड्याळाची पाठचिकित्सा

मनगटी घड्याळांत क्रोनोग्राफची जात वेगळी. हे घड्याळ वेळ दाखवते आणि बटण दाबले की स्टॉपवॉचसारखे सेकंदही मोजते. मोटारशर्यतीचे चालक, वैमानिक, डॉक्टर यांच्या उपयोगाची ही वस्तू. आज जुन्या क्रोनोग्राफला येणारी किंमत मात्र या उपयोगाची नाही. खिशातला मोबाइल तेच काम अधिक अचूक करतो. मग संग्राहक नेमके काय विकत घेतो?

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स डेटोना विकले. किंमत आली १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. घड्याळ सोन्याचे नव्हे, पोलादी. रोज चावी द्यावी लागणारे. पत्नी जोआन वुडवर्डने ते भेट दिले होते आणि पाठीवर ‘जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. इथे मोल आख्यायिकेचे आहे.

पण त्याच धर्तीच्या, कुणाही प्रसिद्ध माणसाच्या हाती न पडलेल्या डेटोनांनाही मोठी किंमत येते, आणि ती मुख्यतः तबकडीमुळे. न्यूमनच्या नावाने ओळखली जाणारी ही तबकडी साठ-सत्तरच्या दशकांत ग्राहकांना फारशी रुचली नव्हती. म्हणून ती कमी बनली, आणि कमी बनली म्हणून आज दुर्मीळ ठरली. एका पिढीची नापसंती पुढच्या पिढीची संपत्ती झाली. साहजिकच साध्या डेटोनावर ही तबकडी बसवून विकण्याचे, हुबेहूब नकली तबकड्या बनवण्याचे उद्योगही वाढले.

त्यांना उत्तर म्हणून संग्राहकांनी जी पद्धत घडवली, ती हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. केसवरचा क्रमांक आणि आतले मशीन एकाच काळाचे आहे का? तबकडीवरच्या अक्षरांचे वळण त्या वर्षाचे आहे का? काटे मूळचे की दुरुस्तीत बदललेले? नंतर घातलेला प्रत्येक भाग म्हणजे प्रक्षेप. हे ज्ञान खरे आहे आणि कष्टाने मिळवलेले आहे. त्याचा एक परिणाम मात्र विचित्र आहे. ज्याने घड्याळ वेळोवेळी दुरुस्त करून, पॉलिश करून जपले, त्याचे मोल घटते. ज्याने ते खणात टाकून दिले, त्याचे वाढते. काळी तबकडी वर्षानुवर्षांत विटून तपकिरी झाली, तर तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणून जास्त पैसे मिळतात.

या पद्धतीची खरी कसोटी नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात लागली. १९५७ साली बाजारात आलेल्या ओमेगा स्पीडमास्टरच्या पहिल्या प्रकाराचे, तपकिरी तबकडीचे एक घड्याळ फिलिप्सच्या लिलावात आले. अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. विक्री झाली ३१ लाखांहून अधिक फ्रँकला. घेणारी खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की हे घड्याळ बहुतांशी इतर घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले आहे आणि या प्रकरणात तिच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे.

कंपनीने स्वतःला फसवणुकीचा बळी म्हटले, फौजदारी तक्रारही केली. तरीही प्रश्न एवढ्याने मिटत नाही. जुन्या घड्याळाच्या अस्सलपणाचा अंतिम दाखला बहुधा बनवणाऱ्या कंपनीच्या दप्तरातून येतो. तीच कंपनी बोली लावते, आणि चढलेल्या बोलीचा लाभ तिच्या नव्या मालाच्या लौकिकालाही होतो. लिलावसंस्था वस्तूचे वर्णन लिहिते आणि विक्रीवर दलालीही घेते. पाठ ठरवणारा, प्रत विकणारा आणि विकत घेणारा इतके जवळ आले की चिकित्सेला जागा उरत नाही.

संग्राहकाच्या छंदाला हसण्याचे कारण नाही. एका स्क्रूवरून घड्याळाचे साल सांगणारी नजर ही विद्याच आहे. पण ‘हे अस्सल नाही’ असे म्हणताना जिचे काहीच बुडत नाही, अशीच नजर भरवशाची. तशी नजर या बाजारात आज दुर्मीळ आहे, न्यूमनच्या तबकडीहूनही.