पेटीवाले भैय्यासाहेब

आमच्या ग्वाल्हेरात गाण्याचा विषय निघाला की तानसेन, हद्दू-हस्सू खाँ, कृष्णराव पंडित ही नावे आधी येतात, आणि यायलाच हवीत. पण भैय्यासाहेब गणपतराव म्हटले की जाणकारसुद्धा "हो हो, ते पेटीवाले" म्हणून पुढे सरकतात. मला ते खटकते.

हे महाराज जयाजीराव शिंद्यांचे पुत्र. आई चंद्रभागाबाई, गाणारी. म्हणजे नाते राजवाड्याशी, पण गादीशी नाही. खयालाच्या या गावात त्यांनी ठुमरी जवळ केली आणि वाद्य घेतले तेही परदेशी. हार्मोनियम मुळात पॅरिसची, पायाने हवा भरायची. आपल्याकडे ती हाताच्या भात्याची झाली.

आता पेटीवरचा आक्षेप खोटा नाही, बरं का. तिच्या पट्ट्या पक्क्या. दरबारीचा आंदोलित गंधार तिथे सापडत नाही, मींड तर नाहीच. मग गायकी अंगाने वाजवायचे कसे? भाता हलका-जड करून सूर फुगवायचा, मधल्या पट्ट्यांना नुसता कण लावत पुढच्या स्वरावर जायचे. कानाला वाटते, सूर ओढला. आणि ठुमरीत कोमल-शुद्ध दोन्ही स्वर शेजारी नांदतात, एकच बोल दहा तऱ्हांनी सांगायचा असतो. तिथे पेटीचे बाराही स्वर कामी येतात. या वाद्याला कोणते गाणे सोसेल हे त्यांनी ओळखले, यातच मला त्यांची खरी बुद्धी दिसते. दरबारी वाजवण्याचा हट्ट मात्र पेटीने धरू नये, असे माझे मत आजही आहे.

त्यांचे स्वतःचे वादन आपल्याला ऐकायला मिळत नाही. ऐकायचे ते त्यांच्या प्रभावळीतून. मौजुद्दीन खाँ, गौहरजान ही त्यांच्याकडून ठुमरी घेतलेली माणसे. आपल्या गोविंदराव टेंब्यांवरही त्यांचा प्रभाव होता. त्याच टेंब्यांनी १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमान'ला चाली दिल्या आणि पूरबी ठुमरीचा तो लडिवाळपणा बालगंधर्वांच्या भामिनीच्या तोंडी आला. आपल्या आज्या ओट्याशी जी पदे गुणगुणायच्या, त्यांत ग्वाल्हेरचा एवढा वाटा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नसेल.

पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीच बंद केली. ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तीस वर्षे! त्या काळात पेटी सांभाळली कुणी? कीर्तनकारांनी, नाटकवाल्यांनी, तवायफांनी आणि आमच्यासारख्या बायकांच्या भजनी मंडळांनी.

मी सोळा वर्षांची असताना एका गुरुजींनी सांगितले होते, "मुली, गळा नसेल तर पेटी शीक, मंदिरात पूजेला उपयोगी पडेल." रागाने शिकलेच नाही. मागच्या चातुर्मासात मंडळातल्या वाजवणाऱ्या ताई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि पेटी माझ्यापुढे आली. भैरवी धरली आहे. डाव्या हाताचा भाता अजून उजव्या बोटांचे ऐकत नाही.